चालू नाटकाचा डबा

मावशीच्या रंगभूषेच्या धंद्यात एक रीत होती. नवं नाटक उभं राहिलं की त्याच्यासाठी नवा डबा उघडायचा. त्या नाटकापुरता सगळा रंग, पावडरी, काजळ, मस्कारा, दाढ्या चिकटवायचा डिंक, सगळं त्यात. नाटकाचा शेवटचा प्रयोग झाला की रंगपटात सगळ्यांसमोर तो डबा कचऱ्यात रिकामा करायचा. त्याआधी नाही. प्रयोग चालू असताना डब्यातलं काही टाकलं तर नाटक पडतं, अशी सगळ्या मंडळीची पक्की समजूत. आटलेली बाटलीसुद्धा डब्यात तशीच पडून राहायची. त्यामुळे व्हायचं असं, की पडलेल्या नाटकाचा डबा कोरा करकरीत असतानाच जायचा, आणि नाटक जोरात चाललं की डबा म्हातारा होत जायचा. मावशी म्हाताऱ्या डब्याकडे नातवंडं असलेल्या बाईकडे बघावं तशी आदराने बघायची.

तिच्या भाचीच्या अंगावर मात्र हे ऐकून काटा यायचा.

भाचीला सगळे चिमटी म्हणत. लहानपणापासून ती कुठलीही वस्तू दोन बोटांच्या टोकांनी उचलायची. मूठ भरून म्हणून काही धरायचीच नाही. पुढे ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि क्रीम बनवणाऱ्या एका कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत लागली, तेव्हा मावशी म्हणाली, "बघा, नाव कुठं वाया गेलं?" मावशीला मूलबाळ नव्हतं. चिमटीच्या आईपेक्षा मावशीनेच तिची पदवी जास्त लोकांना सांगितली होती.

सुट्टीच्या दिवशी चिमटी रंगपटात मदतीला यायची. मुकुट पुसायची, टाचण्या गोळा करायची आणि जमेल तेव्हा मावशीचे कान टोचायची.

"मावशी, हे बघ. बाटलीच्या मागे उघड्या बरणीचं चित्र आहे. आत सहा लिहिलंय. म्हणजे उघडल्यापासून सहा महिने."

"नाटकाला कुठं माहीत आहे ते?"

"नाटकाला नसेल, जंतूंना असतं. मस्काऱ्याची कांडी डोळ्याला लावून परत आत घालतेस ना, तेव्हा दर वेळी काहीतरी आत जातं. आत ओल आहे, अंधार आहे. तीन महिन्यांवर मस्कारा ठेवूच नये."

"चिमटे," बाजूच्या खुर्चीतून आवाज यायचा, "माझ्या पाठीवर काही छापलंय का बघ गं. माझी मुदत कधीच टळली असं बायको म्हणते." हा द्वारपाल. नाटकात त्याला भाला धरून उभं राहण्यापलीकडे काम नव्हतं, म्हणून उरलेलं सगळं बोलणं तो रंगपटात उरकून घ्यायचा.

सगळे हसायचे, मावशीही. चिमटी हसायची नाही. आपलं बरोबर असताना लोक हसतात, याचा तिला मनापासून राग यायचा.

त्या वर्षीचं नाटक राजा-राणीचं होतं आणि ते धो धो चाललं होतं. राणीचं काम करणारी बाई मोठी नटी. तिला मंडळीत राणीसाहेबच म्हणत. दुसऱ्या अंकात ती खरोखरचं रडायची, त्यामुळे मध्यंतरात तिचे डोळे पुन्हा रंगवावे लागत. एका सुट्टीच्या दिवशी नेमकी मध्यंतरात राजाची दाढी सुटली. मावशी डिंकाची बाटली घेऊन राजाच्या हनुवटीशी झटापट करत होती, घंटा व्हायला आली होती, आणि राणीसाहेब आरशासमोर डोळे मिटून ओरडत होत्या, "अहो, कुणीतरी माझ्या पापण्या करा!"

"चिमटे, कर गं तेवढं," मावशी मान न वळवता म्हणाली.

चिमटीने डब्याकडे हात नेला आणि मागे घेतला. इतका जुना डबा, आणि थेट डोळा. तिने आपली पर्स उघडली, स्वतःचा मस्कारा काढला आणि दोन बोटांत कांडी धरून राणीसाहेबांच्या पापण्या केल्या. छान झाल्या. आपण एका डोळ्याचं भलं केलं, असं वाटून तिला समाधानही झालं. कुणाला सांगावं असं मात्र तिला वाटलं नाही; मावशीला उगाच वाईट वाटलं असतं.

त्या आठवड्यातच राणीसाहेबांचा डोळा सुजला. नुसता सुजला नाही, चिकटायलाच लागला. डॉक्टरांनी रंग लावायला सक्त मनाई केली. प्रयोग रद्द झाले, आणि मंडळीचे व्यवस्थापक रंगपटाच्या दारात उभे राहून मावशीच्या डब्याकडे बघायला लागले.  

"तपासून बघू या ना," चिमटी म्हणाली. "आमच्याकडे हेच तर करतात."

"बघ ना बाई," मावशी म्हणाली आणि तिनेच मस्काऱ्याची नळी काढून दिली. "घरातच शास्त्रज्ञ असताना बाहेर कशाला विचारायचं?"

चिमटीने तीन नमुने घेतले. एक मावशीच्या मस्काऱ्याचा. एक दुकानातून नव्या आणलेल्याचा. आणि तुलनेला एक स्वतःच्या मस्काऱ्याचा, कारण एकटीने जपून वापरलेली वस्तू किती स्वच्छ राहते हेही लोकांना दिसायला हवं. कापसाची काडी नळीत फिरवायची आणि ती जंतूंच्या खाद्याच्या थरावर नागमोडी ओढायची. थर चपट्या, पारदर्शक बशीत असतो. मग बश्या उबेच्या कपाटात ठेवायच्या आणि वाट बघायची. नाव बशीच्या बुडावर लिहायचं असतं, झाकणावर नाही. हा तिथला पहिल्या दिवसाचा धडा. पण बुडावर लिहिलं की बशी दाखवताना अक्षरं खालून वाचावी लागतात. चिमटीला तर बश्या दाखवायच्याच होत्या. म्हणून तिने ठळक, सुबक अक्षरांत झाकणांवर लिहिलं: 'नवा', 'मी', 'डबा'.

बश्या तयार झाल्या तेव्हा झाकणांना आतून वाफेचे थेंब लागले होते, त्यामुळे नीट दिसत नव्हतं. तिने तिन्ही झाकणं काढून ओळीने ठेवली, स्वच्छ पुसली, पुन्हा लावली आणि कडेने पट्टी चिकटवली. असल्या बश्या बाहेर न्यायच्या नसतात हेही तिला माहीत होतं. पण काम लोकांच्या डोळ्यांचं आहे, असं तिने स्वतःला सांगितलं.

राणीसाहेबांचा डोळा बरा झाल्यावर मंडळी पुन्हा जमली, त्या दुपारी तिने रंगपटात मुकुट बाजूला सारून बश्या मांडल्या. सगळे भोवती गोळा झाले. राणीसाहेबांनी काळा चष्मा लावला होता.

"ही नव्याची. बघा, काही नाही. ही माझी. इकडे तिकडे दोन-चार ठिपके, तेवढे चालतात. आणि ही," तिने थोडं थांबून बशी उचलली, "मावशीच्या डब्यातली."

बशीत पिवळट, चिकट साय धरावी तशी दाट वाढ होती. कडेला एक केसाळ करडा डागही होता. राणीसाहेबांनी तोंडावर हात धरला.

"आयला, इथं तर अख्खं गावच वसलंय," द्वारपाल म्हणाला. "नळ-बिळ सगळं आहे."

हशा पिकला. या वेळी हशा चिमटीच्या बाजूने होता, आणि तो तिला आवडला. "हे तुम्ही रोज डोळ्यांत घालत होता," ती म्हणाली. तिला कुणी हे म्हणायला सांगितलं नव्हतं.

मावशी हसली नाही. तिने वाकून बशीत पाहिलं. "हे माझ्या डब्यातलं?"

"हो, मावशी."

"नक्की ना गं?"

"मावशी, हे काय अंदाजाचं काम आहे? नक्की म्हणजे नक्की."

मावशीने मान हलवली. तिने राणीसाहेबांसमोर हात जोडले आणि म्हणाली, "बाई, माफ करा मला. मला अक्कल नव्हती." मग तिने कात्री घेतली आणि चालू नाटकाचा डबा रिकामा करायला घेतला. ट्यूब मधोमध कापल्या, लिपस्टिकची टोकं मोडली, पावडरीत पाणी ओतलं, मस्काऱ्याच्या कांडीचा ब्रश छाटला. "नाहीतर झाडणारी बाई उचलून नेते नि पोरीला देते," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. राजाच्या वर्णाचा रंग तिने स्वतः घोटून केला होता. तो बरणीतून सांडताना द्वारपालसुद्धा उठून उभा राहिला. प्रयोग चालू असताना डबा जाताना त्यांच्यापैकी कुणी पाहिला नव्हता.

त्यानंतर आरशासमोर दुसऱ्या मंडळीतला एक बारीक मिशीवाला रंगभूषाकार आला. मावशीने आपणहून कपडेपटात इस्त्रीचं काम मागून घेतलं.

तिने राग धरला असता तर चिमटीला सोपं गेलं असतं. मावशीने राग तर धरला नाहीच, उलट ती चिमटीची गुणगाथा गात सुटली. भाजीवालीला, शेजारणीला, कपडेपटातल्या शिंप्याला, सगळ्यांना सांगायची: "माझ्या भाचीमुळे बाईंचा डोळा वाचला हो. मी तर आंधळीच केली असती तिला." घरातली आपली सगळी शृंगाराची सामग्री तिने टाकून दिली, चिमटीच्या आईचीही टाकायला लावली. एके दिवशी जेवायला आली तेव्हा तिने रुमालात गुंडाळलेली एक काजळाची डबी चिमटीपुढे ठेवली आणि परीक्षेचा पेपर दाखवावा तशा आवाजात विचारलं, "ही ठेवू का गं? की टाकू?"

"टाक," चिमटी म्हणाली. मावशीने लगेच टाकली.

पुढे एका सकाळी प्रयोगशाळेत साचलेल्या बश्या वाफेच्या भांड्यात घालून निर्जंतुक करायची पाळी चिमटीची होती. कपाटाच्या कोपऱ्यात तिने लपवलेल्या तीन बश्याही त्यात होत्या. 'डबा' लिहिलेली बशी टाकण्यापूर्वी तिने सहज दिव्याखाली धरली. पट्टी काढायला बशी पालथी केली आणि बुडातून तिला काडीची पहिली रेघ दिसली. काडीला लागलेला मस्कारा रेघेच्या सुरुवातीला थोडा उतरतोच. तो इथे उतरला होता.

तपकिरी.

तिने भिंग आणलं. तपकिरीच होता. तिने 'मी' लिहिलेली, दोन-चार ठिपक्यांची बशी पालथी केली. तिथली रेघ काळी कुळकुळीत.

मावशी रंगमंचावर काळ्याशिवाय दुसरा मस्कारा वापरायची नाही. नवा आणलेला तोही काळाच होता. तपकिरी एकीचाच होता. "तुझ्या डोळ्यांना काळा भडक दिसतो, तू तपकिरी लाव," असं म्हणून चिमटीला कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा मावशीनेच तो दिला होता. चिमटी लग्नासमारंभापुरता लावायची, म्हणून तो संपला नव्हता, आणि संपला नव्हता म्हणून तो जुना झालाय हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पदवी झाली, नोकरी लागली, मस्कारा तीन महिन्यांवर ठेवू नये हे जगाला सांगून झालं. पर्समधली नळी होती तिथेच होती.

तिला पुसायला ओळीने ठेवलेली झाकणं आठवली. मग मध्यंतर आठवलं, राणीसाहेबांच्या मिटलेल्या पापण्या आठवल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी तिने बशी अंगामागे लपवली.

वाफेचं भांडं उघडं होतं. तिन्ही बश्या आत टाकल्या आणि झाकण फिरवलं की विषय संपत होता. शिवाय तिचं शिक्षणही मदतीला धावून आलं. बशीत वाढ दिसली म्हणून डोळा त्यानेच सुजला असं थोडंच सिद्ध होतं? डोळा कशानेही सुजतो. धूळ असते, हात असतात. हे सगळं खरं होतं. पण मावशीच्या वेळी यातलं एकही वाक्य आपल्याला सुचलं नव्हतं, हेही तिला दिसत होतं. इतका वेळ ती भांड्यापाशी उभी होती की शेजारच्या टेबलावरची मुलगी येऊन म्हणाली, "काय गं, तुला बरं नाही का?"

चिमटीने त्या तीन बश्या सोडून बाकीच्या आत घातल्या.

मावशीला एकटीला गाठून सांगावं, असं तिच्या मनात आलं. मावशीने पाठीवरून हात फिरवला असता आणि म्हणाली असती, जाऊ दे गं. म्हणूनच तसं करणं बरोबर नव्हतं. मावशीच्या डब्याला नावं ठेवली होती ती सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी प्रयोगाआधी ती बश्या घेऊन रंगपटात गेली. मावशी राणीचा झगा हातावर घेऊन उभी होती. पुन्हा बश्या बघताच तिचा चेहरा उजळला. "या हो, या सगळे! माझ्या भाचीने आणखी काहीतरी शोधून काढलंय." तिने व्यवस्थापकांना हाताला धरून आणलं, राणीसाहेबांना स्टूल दिलं, द्वारपालाला दटावलं, "मधे बोलायचं नाही." बारीक मिशीवालाही ब्रश हातात घेऊन वळला.

चिमटी टेबलापाशी गेली. तिने बश्या पालथ्या ठेवल्या. "मी नावं झाकणांवर लिहिली होती. लिहायची नसतात. झाकणं पुसताना अदलाबदल झाली." तिने भिंग पुढे केलं. "ही खराब बशी मावशीच्या डब्यातली नाही. रंग बघा, तपकिरी आहे. माझा आहे."

कुणाच्या लगेच लक्षात आलं नाही. सगळ्यांत आधी राणीसाहेबांच्या आलं. "मध्यंतरात तू मला लावलास तो..."

"माझा होता. पर्समधला."

 व्यवस्थापक खाकरले. स्वभावाने ते वाईट नव्हते. "पण डोळा त्यानेच सुजला हे काही नक्की नाही ना?"

"नक्की नाही," चिमटी म्हणाली. "पण मावशीने विचारलं तेव्हा मी नक्की म्हणाले होते."

मावशीने झगा खुर्चीच्या पाठीवर ठेवला. सावकाश, घडी न मोडता. "माझ्याची बशी कुठली?"

चिमटीने दाखवली.

"हे ठिपके?"

"हे तुझ्या मस्काऱ्यातले. म्हणजे मुदतीने तोही बदलायला झालाच होता, पण..."

"पण घाण तुझ्या पर्समधली."

"हो."

"नि माफी मी मागितली."

चिमटीने मान खाली घातली. तिला फरशीवरची एक टाचणी दिसली, ती तिने उचलली नाही.

"कधीचा गं तो मस्कारा?"

"तूच दिलेला. कॉलेजात जाताना."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे फिरून फिरून तो माझ्याच हातचा निघाला म्हणायचा," ती म्हणाली. द्वारपालाच्या नाकातून आवाज निघाला, तो त्याने खोकल्यात लपवला. मावशी हसली नव्हती.  "भाजीवालीपर्यंत सांगितलं मी. आख्ख्या गल्लीला सांगितलं, मी घाणेरडी, माझी भाची हुशार. आता त्यांना काय सांगू?"

"मी सांगेन."

"सांगा," मावशी म्हणाली. "सांगाच तुम्ही, मॅडम."

मावशीने तिला अहो-जाहो कधी केलं नव्हतं. त्यापेक्षा एक थोबाडीत बसली असती तर चिमटीला चाललं असतं.

व्यवस्थापकांनी मिशीवाल्याकडे आणि मग मावशीकडे पाहिलं. "बाई, खुर्ची तुमचीच आहे. आत्ता बसा."

"आज नको. निम्मे चेहरे त्याने केलेत. राजा एकाच्या हातचा नि राणी दुसऱ्याच्या, असं दिसायला बरं नाही. उद्या येते." मग ती थबकली. "पण येऊन करू काय? डबा नाही. चालू नाटकात नवा डबा कुणी उघडलाय कधी?"

"चालू नाटकात कुणी टाकलाही नव्हता," द्वारपाल म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच थट्टा नव्हती. "तुम्ही टाकलात. तरी अजून चाललंय की."

राणीसाहेब त्यावर हो म्हणाल्या, आणि ते ठरल्यासारखं झालं.

मावशीने आरशाखालून कात्री काढली आणि टेबलावर ठेवली. "पर्स उघडा, मॅडम."

चिमटीने एकेक वस्तू बाहेर मांडली. मस्कारा. पदवीदान समारंभाला घेतलेली लिपस्टिक. तडकलेली पावडरीची डबी, तिचा कापडी पफ मध्ये काळा पडलेला. मंडळी आपापल्या कामाला लागल्याचं दाखवत होती आणि आरशांमधून बघत होती. कांडीची तार दोन बोटांच्या जोरावर तुटेना. शेवटी तिने नळी मुठीत धरली, कांडी बाहेर ओढली आणि सगळा जोर लावून ब्रश छाटला. तळव्यावर तपकिरी रंग फासला गेला. तो वाळका आणि गुठळ्यांचा होता, आणि नाकाजवळ न नेताही त्याचा वास येत होता. हा वास तिला यापूर्वी कधी आला नव्हता, की आला होता आणि तिने घेतला नव्हता, हे तिला सांगता आलं नसतं.

बाहेर घंटा झाली. मावशीने झगा उचलला. दारापर्यंत गेली आणि वळली.

"उद्या लवकर या. नवा डबा लावायचाय, प्रत्येकावर उघडल्याची तारीख घालायचीय." ती थोडी थांबली. "बुडावर लिहायची. झाकणावर नाही. असंच ना?"

तो टोमणा होता की ती अजूनही खरोखर विचारत होती, हे चिमटीला कळलं नाही. तिने रंग लागलेली मूठ मिटून घेतली आणि मान वर न करता म्हणाली, "हो. बुडावर."